ताणलेली अक्षरं

चौकात सदानंदच्या सत्काराचा फ्लेक्स लागला आहे आणि समोरच्या टपरीवर मी चहा पीत बसलो आहे. फ्लेक्सवरची अक्षरं माझी आहेत; तो फॉन्ट मी घडवलेला. जाड आणि अरुंद, गर्दीत अंग चोरून पण ताठ उभ्या राहिलेल्या माणसांसारखी. अक्षर जाड करत गेलं की त्याच्या पोटातल्या पोकळीचा उजेड बुजतो. तो उजेड राखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सदानंद माझा भागीदार होता. त्यानं ती अक्षरं स्वतःच्या नावावर विकली आणि आता त्यांच्यासाठीच त्याला शाल मिळणार आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या एका कामासाठी फ्लेक्सवाल्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या स्क्रीनवर हाच मजकूर होता. "काका, बोर्ड रुंद आहे," तो म्हणाला, "अक्षरं आडवी ताणून भरतो. सदानंदसाहेबांनी स्वतः बघितलं, चालेल म्हणाले."

अरुंद अक्षर आडवं ताणलं की उभ्या रेघा सुजतात, वेलांट्या लोळतात. चोरलेल्या वस्तूवर माणूस हक्क सांगू शकतो, पण ती मोडली जाताना तो आडवा येत नाही. असल्या ताणण्यावरून मी आजवर कित्येकांशी भांडलो आहे. त्या दिवशी मात्र म्हणालो, "ताण. अजून थोडं ताण."

आता ती अक्षरं समोर फुगून उभी आहेत. बघवत नाही, तरी रोज येऊन बघतो. रविवारी समारंभाला आमच्या धंद्यातली, ताणलेलं अक्षर लांबूनच ओळखणारी सगळी माणसं येतील. मी कुणाला काही सांगणार नाही. सभागृहाची वाट या फ्लेक्सखालूनच जाते.