वाक्य तुटू न देता चढलेला घाट

माझा मोठा भाऊ अकोल्याला वकील आहे. आवाज खणखणीत, चाल घाईची. कोर्टात तो पहिल्या दहा मिनिटांत सगळं बोलून टाकतो आणि उरलेला वेळ पाणी पीत बसतो, असं माझी वहिनी म्हणते. पन्नाशी ओलांडल्यावर या माणसाने एकाएकी सायकल घेतली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, एका हाताने उचलता येईल अशी. सोबत अंगाला चिकटणारे कपडे, काळा गॉगल आणि हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ. या सगळ्या वेषातला फोटो घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, "मामा पोहायला चाललाय का?"

मी अमरावतीत राजापेठेला गणिताच्या शिकवण्या घेते. त्याच्या चार वर्षं आधीपासून मी सायकल चालवत होते, हे दादाला माहीत होतं, पण ते त्याने कधी हिशेबात धरलं नाही. दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"बाई, चिखलदऱ्याचा घाट चढू. तू सायकलवर येशील, का मागून गाडीत?"

आम्ही दोघं मूळचे तेल्हाऱ्याचे. तिथली जमीन सपाट. आमच्या लहानपणी चढ म्हणजे नाल्यावरचा पूल. दादा लांबून जोर घेऊन यायचा आणि एका दमात पलीकडे जायचा. चाळीस वर्षं झाली, त्याची चढाची कल्पना तेवढीच राहिली होती.

परतवाड्यापर्यंत आम्ही गाडीत सायकली घालून गेलो. तिथून सायकलवर. धामणगाव गढी मागे पडलं, घाट लागला, आणि दादा सीटवरून उठून पेडलवर उभा राहिला. "वर भेटू!" म्हणाला आणि पहिल्या वळणाआड दिसेनासा झाला. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि दळण दळावं तशी पाय फिरवत राहिले.

तासाभराने मला आधी त्याची सायकल दिसली, सागाच्या झाडाला टेकलेली. मग तो दिसला, रस्त्याकडेच्या कठड्यावर आडवा. एक पाय हवेत, पोटरी दोन्ही हातांनी धरलेली.

"काय झालं रे दादा?"

"काही नाही. तुही वाट पाहून राहिलो."

"झोपून?"

पोटरीतला गोळा काही सुटेना. चेहरा पांढरा पडला होता, घाम थांबत नव्हता. शेवटी खालून एक पिकअप आली. दूध घालून घाटावरच्या मोथा गावाकडे रिकामे कॅन परत नेत होती. ड्रायव्हरने सायकल वर चढवली, दादाला कॅनांच्या मधे बसवलं. मी पुन्हा पेडल मारायला लागले, तेव्हा गाडी खडखडाट करत माझ्या बाजूने पुढे गेली. त्या कॅनांतून दादाने हात उंचावला, निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखा.

"घरी कोणाले सांगजो नको," तो वर भेटल्यावर म्हणाला. मी फक्त वहिनीला सांगितलं, अगदी कॅनांच्या आवाजासकट. ती हसली नाही. "बरं झालं तू सोबत होतीस," एवढंच म्हणाली. मला ते जरा विचित्र वाटलं. वहिनी अशा गोष्टीवर आठवडाभर हसणारी बाई.

जानेवारीत दादाचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज खाली होता. "तू म्हणशील तसा चढतो."

दादाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी लगेच शिकवणी सुरू केली. त्याला सांगितलं, माझ्याकडे दरवर्षी अशी दोन-चार मुलं असतात, जी पहिल्याच गणिताला अर्धी वही भरतात आणि शेवटची गणितं पाहायलाही पोचत नाहीत. घाट तसाच. सुरुवातीला आपण फारच हळू चाललोय असं वाटलं पाहिजे. लाज वाटली तर उत्तम. आणि नियम एकच: चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं, की गिअर हलका करायचा.

"अन् बोलाले काही नसलं त?"

"वकील आहेस न?"

घाट लागला, तेव्हा आम्ही शेजारी-शेजारी होतो. दादा बोलू लागला. एका अशिलाने विहिरीच्या वाटणीसाठी भावावर लावलेला दावा. कोर्टातला बंद पडलेला पंखा. आमच्या चुलत बहिणीच्या मुलाचं जमता जमता फिसकटलेलं लग्न. मधेच त्याला जोर चढला, तो दोन हात पुढे गेला आणि एकदम गप्प झाला.

"बोल न दादा."

"बो... लून... राहिलो."

"तुटलं. हलका गिअर."

"मास्तरीण!" म्हणत त्याने गिअर टाकला. मोटारसायकलवरून चाललेलं एक जोडपं आमच्याजवळ हळू झालं आणि बाईने काळजीने विचारलं, "भांडण झालं का काका?"

निम्म्याच्या वर आलो तसे विषय संपले. लग्नं संपली, जमिनी संपल्या, नातेवाईक संपले. चेनीचा आवाज आणि सागाची वाळकी पानं, एवढंच उरलं. मी त्याला बोल म्हणणार, इतक्यात तोच म्हणाला, "तुले एक सांगू? रागावजो नको."

"सांग."

"मागच्या पावसाळ्यात नागपूरले माह्या छातीत स्टेंट टाकला."

त्याचं वाक्य अखंड होतं. तुटलं ते माझं. "म्हणजे तू... त्या वेळी..." मी सायकलवरून उतरले. तोही उतरला. मी ओरडले. मला का नाही सांगितलं, घाटात तसा का पळालास, तुला काही झालं असतं तर मी वहिनीला काय तोंड दाखवलं असतं. तो कठड्याला टेकून सगळं ऐकत राहिला. त्याला मधे न बोलता ऐकताना मी त्या दिवशीच पाहिलं.

"डॉक्टरने परवानगी दिली होती?"

"सायकलची दिली होती. घाटाचं मी इचारलंच नाही."

"काहून?"

तो खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाबांले डॉक्टरने जिना चढू नका म्हणलं होतं, आठवते का तुले? त्याच्यानंतर थे सहा वर्षं जगले. गच्चीवर एकदाही गेले नाहीत. उन्हाळ्यात आपन सगळे वर झोपू, अन् थे खाली एकटे. मले पाहाचं होतं, माहं किती उरलं."

मला ते आठवत होतं. बाबा खालून हाका मारायचे, पाण्याचा तांब्या नेला का, चादरी नेल्या का. आम्हाला वाटायचं, त्यांना खालीच आवडतं.

"आता इचारलं डॉक्टरले," दादा म्हणाला. "हळू चढाल त चढा म्हणे. हळू चढणारं मले तुह्याशिवाय कोणी माहीत नाही."

मी त्याच्या घड्याळात पाहिलं. आकडा बरा होता. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्याने घड्याळ काढून माझ्याच मनगटाला बांधलं. थोड्या वेळाने आम्ही दोघांनी वाकून पाहिलं.

"बापा! तुहाच जास्त आहे, बाई. पानी पी."

तिथून परत फिरावं असं मला वाटत होतं. तो नको म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी हट्ट धरला नाही. घड्याळ मात्र पुन्हा त्याच्या हातावर बांधून, पाच मिनिटं बसवून ठेवलं. पुढच्या चढावर माझे पाय जड झाले होते. मी मुकाट्याने पेडल मारत होते, तर शेजारून आवाज आला, "बोल न मास्तरीण."

मोथा गेलं. चिखलदऱ्याची पहिली घरं दिसली, तेव्हा दादा पुन्हा सीटवरून उठला. मी नुसतं "दादा" म्हटलं. तो बसला.

बाजारात रबडीच्या दुकानापुढे सायकली उभ्या करून त्याने वहिनीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "पोचलो आम्ही," मी म्हणाले. "चढून."

पलीकडून वहिनीने विचारलं, "सांगितलं का त्यानं तुला?"

"सांगितलं."

"सुटले बाई मी," ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "चार महिने पोटात ठेवलं. आता त्या दुधाच्या कॅनांचं परत सांग, नीट हसू दे मला."

मी सांगितलं. ती इतकी हसली, की दादाने फोनकडे संशयाने पाहिलं. दुकानदाराने रबडीची वाटी आणून ठेवली होती. दादाने दोन चमचे रबडी मागितली. मी एकच चमचा दिली.