लायसन्सवाल्या वहिनी

कायदा इतक्या निष्ठेनं पाळणारं आणि त्याच कायद्यावर इतकं कडाडून चिडणारं माणूस, आमच्या मित्राच्या बायकोखेरीज, अख्ख्या जपानात दुसरं नसेल. दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईचे आम्ही सॉफ्टवेअरवाले जथ्यानं योकोहामाला गेलो, त्यांत हा मित्र होता. वहिनी पुण्यात फिजिओथेरपिस्ट होत्या. जपानात ती डिग्री चालेना. तिथे नुसता मसाज करायचा तरी तीन वर्षांचं कॉलेज, सरकारी परीक्षा आणि परवाना. "बरोबरच आहे!" वहिनी म्हणायच्या, आणि पुढच्याच श्वासात, "मग मी पुण्यात इतकी वर्षं काय गवत उपटत होते?" म्हणून टेबलावर मूठ आपटायच्या.

दिवसभर स्क्रीनसमोर बसून आम्हा सगळ्यांच्या माना लाकडासारख्या झालेल्या. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की कुणीतरी लाडात यायचं, "वहिनी, जरा खांदा दाबून द्या ना." झालं! "मालीशवाली समजलात का मला? इथलं लायसन्स नाही माझ्याकडे. असतं तरी आधी तुमचा त्रास विचारला असता, बीपी विचारलं असतं, हात लावू का म्हणून परवानगी घेतली असती. अनोळखी माणसाला पासवर्ड देता का कधी? मग मान बरी देता!" तोवर मोदक गार. एकदा नवऱ्याच्या पोटरीत गोळा आला, तर त्यालाही काय करायचं ते त्यांनी सोफ्यावर बसून तोंडी सांगितलं. तो बिचारा गालिच्यावर लोळत सूचना पाळत होता.

खरा राग स्टेशनजवळच्या दुकानांवर. पाटीवर मसाज शब्द टाळून 'रिलॅक्सेशन' लिहायचं आणि परवान्याशिवाय धंदा करायचा, ही तिथली पळवाट. "शब्द बदलला म्हणून मणके बदलतात का?" वहिनी भर फुटपाथवर मराठीत विचारायच्या. जपानी माणसं अदबीनं वळसा घालून जायची.

अशाच एका दुकानात आमच्या टीममधला कुलकर्णी गेला. तिथल्या माणसानं त्याची मान कट्‌कन मोडली आणि उजव्या हाताची बोटं बधिर झाली. तो घाबरून थेट वहिनींच्या दारात. त्यांनी मानेला बोटही लावलं नाही. टॅक्सी बोलावली, हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. नस दबली होती. गळ्याला पट्टा आणि सक्तीची विश्रांती.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात हजर. मी सोबतीला, म्हणजे खरं तर त्यांना आवरायला. मॅनेजर कमरेत वाकला. वहिनीही वाकल्या आणि अत्यंत आदरार्थी जपानीत म्हणाल्या, "परवाना दाखवण्याची कृपा कराल का?"

"आम्ही मसाज करतच नाही," तो आणखी वाकून.

"मग मान कुणी मोडली?" वहिनी त्याहून वाकून.

वाकता वाकता दोघांची डोकी काउंटरला टेकायची तेवढी राहिली. शेवटी मॅनेजरनं रेटकार्डावरची 'मान' आमच्यादेखत खोडली आणि कुलकर्णीची माफी मागायला यायचं कबूल केलं. आम्ही वळलो, तर मागून नम्र आवाज आला, "आपल्याला इंडियन मसाज येतो का? आमच्याकडे एक जागा आहे."

वहिनींनी घरी येऊन आधी मसाजच्या कॉलेजचा फॉर्म मागवला. एप्रिलमध्ये त्यांनी कॉलेजात नाव घातलं. ओट्यावरच्या फरशीवर स्नायूंची जपानी नावं चिकटवली आणि भाजी परतता परतता तीन वर्षं पाठ केली. पास झाल्या, परवाना आला. एका जुन्या दवाखान्यात काम सुरू होतंय तोच मंदी आली, नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपलं आणि दोघं पुण्याला परतली.

पुढे मी सुट्टीत त्यांच्या क्लिनिकवर गेलो. भिंतीवर तो जपानी परवाना, फ्रेम केलेला. पेशंटना वाटतं, देवाचा मंत्र आहे. समोरच्या रस्त्यावर मसाजच्या तीन-चार पाट्या लटकत होत्या. मी मुद्दाम खिडकीतून त्या दाखवल्या आणि वाट पाहिली.

वहिनींनी पाट्या एकेक करून वाचल्या. "इथे परवाना कुणी विचारतच नाही हो भावोजी," त्या हळू म्हणाल्या. "चिडायचं तरी कुणावर?"

चहा घेऊन मी निघालो. खरं तर त्यांचा चढलेला आवाज ऐकायलाच गेलो होतो.