ताईच्या ऑपरेशनची तारीख

घरात आम्ही दोघीच होतो, ताई आणि मी. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी लग्न केलं नाही आणि तिचं झालं नाही. बघायला आलेले लोक चहा पिऊन जायचे आणि मग त्यांचा निरोपच यायचा नाही. कारण तिची जाडी; ते सगळ्यांना माहीत असायचं, बोलायचं कुणीच नाही. आई-वडील गेल्यावर ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या घरात आमचं दोघींचं बरं चाललं होतं. मी बँकेत जायची, ती मुरारच्या एका शाळेत गणित शिकवायची. पोरी तिला घाबरायच्या आणि मधल्या सुट्टीत तिच्याच मागे मागे फिरायच्या.

पन्नाशी उलटल्यावर ताईला स्वतःचं वजन पेलेनासं झालं. गुडघे गेले. बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या. त्याहून वाईट झोप. रात्री घोरता घोरता श्वास अडकून दचकायची, आणि दिवसा कुठेही डोळा लागायचा. रिक्षात, पाहुण्यांसमोर, वह्या तपासताना हातातलं पेन तसंच धरून. लोक हसायचे, मी हसायची, तीही हसायची. हा आजार आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ऑपरेशनचा विषय तिनेच काढला. एका दुपारी शाळेतून आली आणि खांद्यावरची पर्सही न काढता म्हणाली, "आज वर्ग वरच्या मजल्यावर होता. अर्ध्या जिन्यात मी थांबले, तर पोरीपण थांबल्या. एकही पुढे गेली नाही. मला फार लाज वाटली गं."

मी पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाली, "पोट छोटं करायचं ऑपरेशन असतं ना, ते करून टाकू."

चौकशीला फोन केला की पहिला प्रश्न वजनाचाच. घरचा काटा तिला पुरत नव्हता, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचाही पुरला नाही. शेवटी लष्कर भागात तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं, तिथे गेलो. पोती तोलायच्या काट्यावर ताई चपला काढून उभी राहिली, देवासमोर राहावी तशी. त्या भल्या माणसाने हमालांना मागे गोदामात पाठवलं, आकड्यांवर आपल्या हाताचा आडोसा धरला आणि वजन एका कागदावर लिहून, घडी घालून तिला दिलं. "मैडम, मेरी बेटी आप ही की वजह से पास हुई थी," एवढंच बोलला. तो कागद ताईने मलाही दाखवला नाही.

पहिलं हॉस्पिटल ग्वाल्हेरमधलंच, नवं, चकचकीत. डॉक्टर तरुण आणि बोलायला गोड. "सोमवार को भर्ती, गुरुवार को घर. दूरबीन से होता है, निशान भी नहीं दिखेंगे." ताईचा चेहरा एकदम उजळला. जन्मभर प्रत्येक डॉक्टरने तिला कमी खा म्हणून ऐकवलं होतं. हा पहिला, ज्याने ऐकवलं नाही.

मी विचारलं, "रात को कुछ हो गया तो डॉक्टर कौन रहता है?"

"स्टाफ रहता है. डॉक्टर बुलाने पर आ जाते हैं."

"ऐसे कितने ऑपरेशन हुए हैं यहाँ?"

तो हसला. "आप चिंता बहुत करती हैं, मैडम."

बाहेर आल्यावर ताई चिडली. "लोनचा अर्ज तपासावा तशी विचारत होतीस त्याला. घराजवळ आहे, माणूस चांगला आहे, अजून काय पाहिजे?"

तरी माझ्या हट्टाखातर ती दिल्लीला आली. तिथल्या सर्जनबाई साधारण तिच्याच वयाच्या होत्या. पोटाचं राहिलं बाजूला, अर्धा तास त्यांनी झोपेबद्दलच विचारलं. मग समजावून सांगितलं. पोट कापून शिवतात त्या जागी गळती होऊ शकते. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. आणि झोपेत श्वास थांबणाऱ्या माणसाला भूल देणं अवघडच. म्हणून आधी श्वासाचं मशीन लावून झोपायचं, हृदयाच्या तपासण्या करायच्या, थोडं वजन उतरवायचं. ऑपरेशन तीन महिन्यांनी.

ताईने विचारलं, "और न करवाऊँ तो?"

"न करवाने में भी जोखिम है," बाई म्हणाल्या. "इंतज़ार करने में भी है. मेरे हिसाब से इंतज़ार वाला कम है."

त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मी मात्र त्यातलं 'कम है' एवढंच ऐकलं.

घरी आल्यावर दोन आठवडे आमची रोज वादावादी झाली. ताई म्हणायची, "तीन महिने मला नाही थांबणं होत. मधेच माझा धीर सुटला तर?"

"सुटला तर सुटला."

"तुला बोलायला सोपं आहे. तू जिना चढतेस."

मग जे बोलू नये ते मी बोलले, "इथे करणार असशील तर कागदावर मी सही नाही करणार." माझ्याशिवाय सही करायला तिचं होतं कोण?

ताई म्हणाली, "बरं. तू म्हणशील तसं." लहानपणापासून हे वाक्य मी तिला म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला म्हणाली, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

मशीनची तिला आधी चीड यायची. गालांवर मास्कचे वळ घेऊनच शाळेत जायची, पोरींनी विचारलं की सरळ सांगायची. रविवारच्या नाश्त्याची तळलेली बेडई बंद केली. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अगं, मला आज स्वप्न पडलं. किती वर्षांनी!" काय पडलं ते आठवत नव्हतं, पण दिवसभर ती त्याच आनंदात होती. वजन उतरायला लागलं. तारीख मिळाली. पाटणकर बाजारात जाऊन तिने हॉस्पिटलसाठी समोरून उघडणारे दोन सैल गाऊन शिवायला टाकले आणि शिंप्याशी रंगावरून भांडूनही आली.

तारखेला अकरा दिवस राहिले होते. शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचं काम चालू होतं. स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं ठेवून ताई बसली होती. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखा डोळा लागलाय. तिची झोपमोड नको म्हणून बाकीच्या शिक्षिका हळू आवाजात बोलत होत्या. एक तास गेला, दुसरा सुरू झाला. चहा घेऊन आलेल्या बाईने तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

बँकेत फोन आला. मी मुरारला पोहोचेपर्यंत तिला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. हृदय बंद पडलंय, तिथले डॉक्टर म्हणाले, आणि त्याला बराच वेळ झालाय.

दिल्लीच्या हॉस्पिटलमधून ठरल्याप्रमाणे फोन आला. एक मुलगी पाठ केल्यासारखं सांगत होती, भरतीच्या दिवशी उपाशीपोटी यायचं, जुने रिपोर्ट आणायचे. मी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं, मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंचाच फोन आला. मी एकच विचारलं, "ग्वालियर में तभी करवा लेते तो?"

त्या म्हणाल्या, "हो सकता है बच जातीं. हो सकता है टेबल पर ही चली जातीं. मुझे नहीं मालूम. झूठ नहीं बोलूँगी आपसे."

त्यांचा राग आला आणि खरं बोलल्या म्हणून बरंही वाटलं.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी त्याच नव्या हॉस्पिटलात हेच ऑपरेशन करून घेतलं. त्या छान आहेत. संध्याकाळी भरभर फिरतात, भेटेल त्याला जुन्या कुर्त्याचा घेर ओढून दाखवतात. एकदा फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "आपकी दीदी को भी यहीं ले आना था." बोलण्यात दंश नव्हता, कळवळाच होता. मी "हाँ" म्हटलं.

हल्ली संध्याकाळी मी मागच्या गल्लीने घरी येते.