टेबलासमोरचं स्टूल

मीनाच्या टेबलासमोरच्या स्टुलावर आज कपड्यांच्या घड्या दिसल्या. तिथे रोज दुपारी मी बसायचे. मीना, माझी लेक, तेव्हा घरीच डेव्हऑप्स शिकायला लागली होती, म्हणजे कंपन्यांचे प्रोग्राम चालते ठेवायचं काम. शिकलेलं दुसऱ्याला सांगितलं की पक्कं होतं, म्हणून ती मला समोर बसवायची.

"चौथी शिकलेल्या बाईला काय कळणार गं?"

"म्हणूनच तर. तुला कळलं म्हणजे मला आलं."

प्रोग्राम डब्यात भरतात म्हणे. डबा कुठेही उघडा, आत तेच. मी एकदा विचारलं, "आणि डबा सांडला तर?"

ती हसली. "तसाच दुसरा भरायचा, आई. कृती लिहिलेली असते."

सगळं कळायचं नाही. पण तासभर कुणीतरी माझ्याकडे बघून बोलायचं. या घरात तसं आधी कुणी बोललं नव्हतं.

आता तिला बरोबर शिकणाऱ्या मुली मिळाल्यात, कॉम्प्युटरवरच भेटतात. बरंच झालं, अडलं तर त्यांना विचारता तरी येतं. मी दाराबाहेर मटार सोलत बसते. आतून तिचा आवाज येतो, "आणि समजा, डबा सांडला तर?"

पलीकडचं काही ऐकू येत नाही. मी हातातली शेंग तशीच धरून हळूच म्हणते, "तसाच दुसरा भरायचा."