दाराला दोन-दोन ताव

आमचे मामा दुकान बंद करून घरी बसले आणि पंधरा दिवसांत त्या घरात सुरकुती म्हणून औषधालाही उरली नाही. चाळीस वर्षं त्यांनी इस्त्रीचं दुकान चालवलं. गल्ली त्यांना 'कडकमामा' म्हणते, कारण त्यांनी इस्त्री केलेली पॅण्ट भिंतीला टेकवून उभी करता येते. मी करून पाहिलंय. अर्धा मिनिट उभी राहते, मग गुडघ्यात मोडते, माणसासारखीच.

दुकानाची इमारतच पाडली, तेव्हा मामांचा इलाज चालला नाही. पण इस्त्री घरी आली. रुमाल झाले, पडदे झाले, मोजे झाले, फरशी पुसायचं फडकं झालं. रोजचं वर्तमानपत्रही ते इस्त्री करूनच वाचायला घ्यायचे. एकदा माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांना किंचित वाकलेलं दिसलं. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे हे त्यांना इस्त्री चिकटल्यावर कळलं. तेव्हापासून माझं शिक्षण डाव्या कोपऱ्यात थोडं कमी आहे.

"अहो, आता मी तेवढी राहिले," मामी म्हणाली. "होऊ का आडवी टेबलावर?"

मामा हसले नाहीत. चहा संपल्यावरही ते रिकामा कप उजव्या हातात धरून बसायचे, तो पार गार होईपर्यंत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं या हाताखाली ऊब होती रे. आता सकाळी उठलो की हात कुणा दुसऱ्याचाच वाटतो."

मी छापखान्यात काम करतो. अक्षरं जुळवतो, मुद्रितं तपासतो, आणि तपासूनही चुका छापतो. अशा माणसाला यावर काय सुचणार?

सुचलं ते मामेबहिणीला. ती दुसऱ्या गावी असते. तिने पार्सल धाडलं. आत लांब दांड्याचं विजेचं मशीन होतं, पुढून गरम हवा फेकणारं. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसती हवा, पण सहाशे अंशांची. सोबत तीन वेगवेगळी तोंडं आणि तिची चिठ्ठी: 'बाबा, फरशीतलं गवत, दाराचा जुना रंग, गंजलेले नट, सगळ्याला चालतं. फक्त कपड्यांपासून लांब ठेवा.'

मामीने ते उलटसुलट करून पाहिलं. "केस वाळवायचं आहे का हो?"

"वाळतील," मामा म्हणाले, "पण मग केस उरायचे नाहीत."

मामांच्या जगात एकच गोष्ट खरी, ती म्हणजे ताव. इस्त्रीचा ताव कमी पडला तर कापड हसतं आणि जास्त झाला तर गिऱ्हाईक रडतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांनी मशीन लावलं, पुढे पत्र्याचा तुकडा धरला आणि ओल्या बोटाने पाणी शिंपडलं. छन्न झालं.

"आला ताव!" मामा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी मिशीलाही एक दिला.

पुढचा आठवडा घरात कुणाचा पाय जमिनीला लागला नाही. बरण्यांवरची लेबलं सालासारखी सुटली. मोरीच्या नळाचा नट, जो तीन प्लंबरांना शिव्या घालून बसला होता, तो मामांनी दोन मिनिटांत मऊ केला. शेजारी आपापले नट घेऊन यायला लागले. अर्थात बळीही गेले. मामीचा कंगवा गेला, सुपली गेली, आणि बागेच्या पाइपाला मधोमध असं वळण पडलं की तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करतो.

"सवत आणून ठेवलीय माझ्या उरावर," मामी म्हणायची. "आधी घरात दोनच गोष्टी तापत होत्या, दूध आणि तुम्ही. त्यात आता ही!" पण मशीनवर धूळ बसू नये म्हणून तिनेच जुन्या परकराचं झाकण शिवलं. मामांनी त्याला इस्त्री केली.

आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. छोटीशी इमारत, पुढे बाग, बागेतून दगडी वाट आणि मधे काच असलेलं हिरवं दार. वाटेच्या फटींत इतकं गवत की वाचक पुस्तकापेक्षा पायाखाली जास्त बघतात. वाचनालय चालवतात निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो आणि रस्त्यात दिसल्या की शर्टाची बटणं तपासतो. देखभालीला माणूस नाही, म्हणून वाटेवर सिमेंट ओतायचं आणि जुनं दार काढून लोखंडी बसवायचं, असं समितीत चाललं होतं. मामांच्या कानावर ते गेलं आणि ते तडक बाईंसमोर उभे राहिले.

"माणूस आहे," ते म्हणाले. "मी."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मामा, शनिवारी पाचला समितीची बैठक आहे. तोवर वाट साफ झाली आणि दाराचं मूळ लाकूड दिसलं, तर बाग, इमारत, सगळं तुमच्या हाती. नाहीतर सोमवारी सिमेंटची गाडी येईल."

त्या दिवशी मामांनी कशालाच इस्त्री केली नाही. जेवणावर मात्र असा ताव मारला की मामीने दोनदा कणीक मळली.

गुरुवारी त्यांनी वाट घेतली. मी दोरखंडासारखी वायर सांभाळत मागे. मला वाटलं होतं, गवताची राख होणार. मामा तर प्रत्येक झुबक्याशी तीन-चार सेकंद थांबायचे आणि पुढे सरकायचे, लग्नघरी ओळखीपाळखीच्यांना नुसतं 'काय, बरं ना?' करत फिरावं तसे.

"मामा, जळलं नाही की हो काही!"

"जाळायचं नाहीच मुळी. पानातलं पाणी उकळलं की ते आतून संपतं. त्याला अजून माहीत नाही, एवढंच."

शुक्रवारी बाई आल्या तेव्हाही गवताला माहीत नव्हतं. "मामा, हे तर मजेत दिसतंय," त्या म्हणाल्या.

मामांनी खाली बसून एक पान चिमटीत दाबलं. पानावर अंगठ्याचा गडद ठसा उमटला. "बघा बाई, अंगठा उठला. म्हणजे मेलं. उद्या बघा."

"पस्तीस वर्षं मी 'बाई, वही उद्या दाखवतो' ऐकत आलेय," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दार शुक्रवारीच उरकायचं होतं, पण दिवसभर वीज नव्हती. म्हणजे सगळं शनिवारवर आलं. आणि शनिवारी पहाटे मामीची दाढ ठणकायला लागली. गाल असा सुजला की मामा घाबरले. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मी नऊला मामांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप, पायरीवर परकर पांघरलेलं मशीन आणि चिठ्ठी:

'मामीला दातांच्या डॉक्टरकडे नेतोय. तू पुढे हो. दाराला वरपासून खालपर्यंत दोन-दोन ताव देऊन ठेव. काच सांभाळ. खरवडायचं मी आल्यावर.'

आता मी काय करावं? इस्त्रीवाल्याने ताव म्हटलं की ऊब. पण छापखान्यात ताव म्हणजे कागद. आमच्याकडे माणूस दिवसातून शंभरदा 'ताव दे' म्हणतो आणि कुणी कुणाला शेकत नाही. शंका आली नाही असं नाही, पण तिचं उत्तरही लगेच सुचलं: रंगाचा भुगा उडू नये म्हणून आधी कागद लावत असतील. शिवाय काच सांभाळायला सांगितलीच होती. माणूस हुशार असला की चूक पक्की होते.

मशीन काखेत घेऊन मी छापखान्यात गेलो आणि रद्दी ताव उचलले. रद्दी माझ्याच कृपेने झाले होते. एका दुकानाचं पोस्टर होतं, 'भव्य सवलत! फक्त आठ दिवस!', आणि त्यातला 'ल' माझ्या नजरेतून निसटला होता. खळ शिजवली, डबा भरला आणि वाचनालयाचं दार वरपासून खालपर्यंत मढवून काढलं. दोन-दोन ताव. काचेला चार. छापील बाजू बाहेर, कारण कोरी बाजू चांगली चिकटते.

दोनला मामा आले. तोंडावर रंगकामाचा मास्क, हातात खरवडणी, मागे पाण्याची बादली घेतलेली मामी. बादली म्हणजे मामांचा नियम: ताव तिथे पाणी. मामीच्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि अर्धा चेहरा बधिर होता. लग्नानंतर पहिल्यांदाच ती गप्प होती.

दोघं दारासमोर थांबले. दारावर अकरा ठिकाणी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'भव्य सवत! फक्त आठ दिवस!'

मामीने माझ्याकडे पाहिलं. मग मी पायरीवर आणून ठेवलेल्या मशीनकडे. बोलता येत असतं तर तिने काय म्हटलं असतं, हे मला आजही ऐकू येतं.

"हे काय केलंस?" मामांचा आवाज मास्कमधून आला.

"दोन-दोन ताव," मी म्हणालो. "दिले की."

मामा पायरीवर बसले. मशीन मांडीवर, उजवा हात त्याच्यावर. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन तास," शेवटी ते म्हणाले. "कागद सोलायलाच दोन जातील."

मग झटक्यात उठले आणि वरच्या कोपऱ्यापासून मशीन लावलं. कागद सुटेल अशी आशा असावी. तो सुटला नाही, करपला. मामांचं लक्ष कागदाच्या खालच्या कडेकडे. वरचा कोपरा तपकिरी झाला, काळा झाला, आणि त्यावर एक छोटी पिवळी जीभ नाचायला लागली.

ती फक्त मामीला दिसली. "आ!" ती म्हणाली. "आ! आ!"

"दुखतंय का?" मामा वळून न बघता म्हणाले. "'बोलू नका' म्हणालेत ना डॉक्टर?"

"आ... आ...!"

बधिर तोंडाने 'ग' निघेना. मग मामीने बोलण्याचा नाद सोडला, मला कोपराने ढकलून माझ्याकडून प्लग उपटवला आणि बादली उचलली. मामांनी ते पाहिलं आणि मशीन तान्ह्या बाळासारखं डोक्यावर धरून बाजूला उडी घेतली. मशीन कोरडं राहिलं. मामा कमरेपासून खाली, दार वरपासून खाली, आणि मी दोन्हीकडून भिजलो.

आग विझली. मी मात्र मनातल्या मनात सिमेंटची गाडी वळवून आत घेतली होती.

मामा भिजलेल्या दाराकडे बघत होते. पुढे जाऊन त्यांनी ओल्या कागदावर तळहात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा.

"भाच्या, हे चिकटवलंस कशाने?"

"खळीने."

"खळीने!" त्यांनी मास्क वर सारला. मिशीतून घाम गळत होता आणि मिशी हसत होती. "अरे, मग आधी सांगायचंस ना! खळीतला कागद पाणी धरून ठेवतो, ओलं फडकं आहे हे! रेशमावर मी चाळीस वर्षं काय ठेवत होतो? पुस हात कोरडे. लाव प्लग."

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितोय. मामांनी वायर कोरड्या पायरीवर घेतली, रुंद तोंड लावलं आणि ओल्या कागदावरून गरम हवा फिरवायला लागले, हात सैल, मनगट तेवढं वळतंय, जसं काही समोर कुणाच्या लग्नाचं पातळ आहे. कागदातून वाफ निघाली. खालच्या रंगाला पोपडे धरलेलेच होते. त्याने फुगून खळीला मिठी मारली. मामांनी कोपरा धरून ओढला आणि दुधावरची साय यावी तसा अख्खा ताव खाली आला, पाठीला हिरवा रंग घेऊन. हिरव्याखाली निळा होता, तोही आला. बाकी खरवडणीने निघाला. मामी सोललेले ताव गोळा करत होती. प्रत्येक 'भव्य सवत' ती विशेष जोर लावून चुरगळत होती.

पाचला पाच कमी असताना दाराचं लाकूड उघडं पडलं. दोन कोपऱ्यांत निळा हटून बसला होता. मामा म्हणाले, त्याला पुढच्या आठवड्यात बघतो. पुढचा आठवडा आहे की नाही हे ठरायचं होतं, पण ते म्हणून गेले.

बाई फाटकातून आत आल्या. वाटेवर त्या थबकल्या. दगडांच्या फटींत गवत तांबूस होऊन आडवं पडलं होतं. त्याला कळलं होतं. बाईंनी चपलेच्या टोकाने एक जुडी हलवली. ती मुकाट्याने निघून आली. मग त्या दारापर्यंत आल्या, लाकडावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "वही उद्या म्हणून खरंच उद्या दाखवणारे तुम्ही पहिलेच." मग नेहमीच्या आवाजात, "समितीपुढे ठेवायला कागद लागेल. एका तावावर अर्ज लिहून द्या."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामी भिंतीकडे तोंड करून गदागदा हलायला लागली.

"ताव..." मामा म्हणाले. "म्हणजे कागदच ना, बाई?"

"मग दुसरं काय?"

ताव सगळे संपले होते. एकच उरला होता, बादलीखाली ठेवलेला, चिंब. मामांनी तो बागेतल्या दोरीला लावला आणि चार हात लांबून, अगदी हळुवार, त्याला ताव दिला. सुरकुती पडू दिली नाही. मग मी मजकूर सांगितला, त्यांनी कोऱ्या बाजूला लिहिला आणि बाई तो घेऊन आत गेल्या.

आतून आधी शांतता, मग हसण्याचा मोठा आवाज आला. कुणीतरी कागद उलटा केला असणार. दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या. गंभीर चेहऱ्याने त्यांनी वाचनालयाची किल्ली मामांच्या उजव्या हातात ठेवली. मामांनी मूठ मिटली आणि किल्ली गरम होईपर्यंत उघडली नाही.

नेमका तेव्हाच मामीच्या दाढेचा बधिरपणा उतरला असावा. तिने कापूस काढला, जबडा दोनदा हलवून पाहिला, आणि मशीनवर परकर घालता घालता दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

"आणि काय हो, फक्त आठच दिवस का?"