झडपवाली

नाट्यगृहातले सगळे तिला राणीसरकार म्हणायचे. त्यात मान कमी, चेष्टाच जास्त. इमारतच तशी होती. बांधणाऱ्यांनी ती वारुळासारखी बांधली होती: जाड मातकट भिंती, त्यांच्या पोटातून गेलेल्या पोकळ वाटा, माथ्यावर उंच धुराडी. आत एसी नव्हता. माणसांच्या अंगाची ऊब वर चढून धुराड्यांतून निघून जायची आणि तिच्या जागी तळघरातली गार हवा खुर्च्यांखालच्या जाळ्यांतून वर यायची. ही हवा कुठून आणि किती घ्यायची, ते सहा लोखंडी झडपांवर होतं. तीन बागेकडच्या, तीन मागच्या बोळाकडच्या. त्यांची चाकं फिरवणारी ही. वारुळाच्या तळाशी बसते, म्हणून राणी.

नवरा गेल्यावर तिने बरीच वर्षं एका दवाखान्यात चादरी धुतल्या होत्या. मग ही नोकरी मिळाली. घरी ती आणि सासू, दोघीच. सासूबाईंना जुना दमा, आणि जिभेला धार. "दिवसभर बिळात बसून करतेस तरी काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तिला वाटायचं, एकदा यांना आणून दाखवावंच.

त्या दिवशी दुपारच्या खेळाचा पास मिळाला. तिने सासूबाईंना मुद्दाम बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसवलं. तिथून छताचा सगळा घुमट दिसतो. "मध्यंतरात येते हं," म्हणून ती खाली गेली.

पहिला अंक संपत आला होता. तळघरात तिला जळक्या रबरासारखा वास आला. तिला आधी वाटलं, कुठलीतरी वायर जळतेय. मग बोळाकडच्या झडपेतून काळपट धूर आत ओढला जाताना दिसला. मागच्या बोळात जुन्या गाद्यांचं गोदाम होतं. ते पेटलं होतं.

हॉल खच्चून भरलेला. जेवढी माणसं जास्त, तेवढी ही इमारत जोरात हवा ओढते. आता ती धूर ओढत होती. आणि धूर सगळ्यात आधी जमणार तो वरच, बाल्कनीत.

भिंतीवरच्या फोनवरून तिने रंगमंच व्यवस्थापकांना गाठलं.

"साहेब, खेळ थांबवा. माणसं बाहेर काढा."

"अहो, अंक संपायला पाचच मिनिटं—"

"पाच मिनिटांत वरच्यांना श्वास घेता येणार नाही. मागचं गोदाम पेटलंय. बागेकडच्या दारांनी काढा सगळ्यांना, बोळाकडे कुणी जायला नको."

"बरं. थांबवतो."

तिने बोळाकडचं पहिलं चाक फिरवलं, दुसरं फिरवलं. दोन्ही झडपा बसल्या. तिसरी अर्ध्यावर येऊन अडकली. तिने चाकावर अंगाचा सगळा भार टाकला. ते तसूभरही हललं नाही. उरलेल्या फटीतून धूर आता दुप्पट जोराने आत घुसत होता.

तेवढ्यात नाट्यगृहाचा वायरमन जिना उतरत आला, तोंडाला रुमाल लावून. त्याला सासूबाईंचं ठाऊक होतं. दुपारी जिना चढताना त्यानेच त्यांना हात दिला होता.

"ताई, तू वर जा! म्हातारी एकटी आहे. इथलं मी बघतो."

ती दोन पायऱ्या चढलीही. वळून पाहिलं, तर तो या चाकाकडून त्या चाकाकडे बघत उभा. कुठलं बंद करायचं नि कुठलं उघडायचं, त्याला कळत नव्हतं. बागेकडचं चुकून बंद झालं असतं, तर सगळा धूरच वर गेला असता.

ती परत फिरली.

"तूच जा. शेवटची रांग, निळी शाल. पळ!"

तो गेला. डोक्यावर शेकडो पावलांची धडधड सुरू झाली. त्या आवाजात एखादी खोकण्याची उबळ ओळखू येते का, म्हणून ती कान देत होती आणि हात चालवत होती. कोपऱ्यातला जुना मखमली पडदा तिने आग विझवायला भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बुचकळला आणि ओढत आणून त्या फटीत कोंबला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी येत होतं. मग बागेकडच्या तिन्ही झडपा तिने सताड उघडल्या. हळूहळू चेहऱ्याला स्वच्छ हवा लागली. आत शिरलेला धूर आता वर, धुराड्यांकडे निघाला होता.

ती बागेत आली तेव्हा वायरमन रिकाम्या हातांनी उभा होता. "उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात मला वर जाताच आलं नाही गं," तो रडवेला होऊन म्हणाला.

ती माणसांतून निळं काही दिसतंय का ते शोधत फिरली. सासूबाई एका बाकावर सापडल्या, दोन अनोळखी मुलींच्या मध्ये, ओठ काळेनिळे पडलेले. त्या मुलींनीच त्यांना उचलून आणलं होतं.

दवाखान्यात ऑक्सिजनची नळी निघाल्यावर सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या, "मी सारखी दाराकडे बघत होते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

घरी आल्यावरही अबोलाच होता. ताट समोर ठेवलं की जेवायच्या, गोळ्या दिल्या की घ्यायच्या.

काही दिवसांनी नाट्यगृहाचे व्यवस्थापक घरी आले. झडपांना आता मोटर बसणार होती, धूर ओळखणारं यंत्रही लागणार होतं. तरी खाली माणूस हवाच. पण तिची इच्छा असेल तर तिकीट खिडकीवर जागा होती, उजेडात, पंख्याखाली. तिने उद्या सांगते म्हटलं. खरं तर तिला तळघराच्या नुसत्या आठवणीने धाप लागायची.

ते गेल्यावर ती ओट्यापाशी कप विसळत उभी राहिली. मागून सासूबाईंचा आवाज आला, अजून घोगराच.

"खिडकीवर कुणीही बसेल."

तिने मागे वळून पाहिलं. सासूबाई वाफाऱ्याच्या भांड्यावर वाकल्या होत्या. डोक्यावरून टॉवेल, चेहरा दिसत नव्हता.

"काय म्हणालात?"

"ऐकलंस ना. पाणी निवलंय हे, दुसरं आण."

तिने गॅस पेटवला आणि पातेल्यात पाणी ओतलं.