तिसऱ्या कार्डाची राखण

आमच्या घरात खाण होती, असं गावात अजूनही चेष्टेनं म्हणतात. नवऱ्याने कुणाला तरी 'मायनिंग चालू केलंय' असं सांगितलं आणि ऐकणाऱ्याने त्याचं सरळ मराठी केलं. खाण म्हणजे पडवीलगतच्या खोलीत लोखंडी सांगाड्यावर बसवलेली सहा ग्राफिक्स कार्डं. पोरं गेम खेळायला घेतात तीच. ती दिवसरात्र गणितं सोडवायची आणि त्याच्या बदल्यात इंटरनेटवरचं एक नाणं कणाकणाने आमच्या नावावर जमायचं. नवरा खालापूरकडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. मग कर्जतच्या घरी खाणीवर कोण? मी.

सुरुवातीला माझं काम एवढंच होतं, बंद पडलं की बटण दाबायचं. पण दिवसातून चार वेळा बटण दाबणाऱ्या माणसाला आठवड्याभरात राग येतो, आणि मग तो पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला लागतो. मी वाचलं, हिंदीतले व्हिडिओ पाहिले. कळलं ते असं की, कार्डाची मेमरी पळवायची, मधली चिप हळू ठेवायची, वीज कमी द्यायची आणि पंखा वाढवायचा. भाताला आधण आलं की आपण आच बारीक करतो, त्यातलाच प्रकार. मेमरी फार पळवली की कार्ड चुकीची उत्तरं देतं, तापतं आणि सगळंच ठप्प होतं. पाच कार्डं गुणी होती. तिसरं खोडसाळ. त्याला दुसऱ्यांइतकं पळवलं की ते दोन तासांत मान टाकायचं, आणि नेमकं नवरा घरात नसताना.

नवऱ्याला आकडा हवा असायचा. कार्ड सेकंदाला किती गणितं सोडवतं, तो आकडा. बूट काढायच्या आधी तो पडदा बघायचा. "वाढव गं अजून थोडं, काय होत नाय." होत नाय ते त्याला. भाजी आणायला गेले तरी फोनवर खाणीचा पडदा उघडा. कुणाच्या बारशाला गेले तर जेवण अर्धं टाकून परत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

माझी आई कुंभिवलीला एकटीच राहते. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा तिचा जुना हट्ट. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी आठ दिवसांची पिशवी भरून ठेवली होती. त्याच सकाळी तिसरं कार्ड तीनदा पडलं. नवरा म्हणाला, "दोन दिवसांनी जा ना." दोनाचे चार झाले. पट्टी निघाली तेव्हा आईला पहिलं तोंड दिसलं ते शेजारणीचं. थेंबही तिनेच घातले. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला लाज वाटली, आणि संताप आला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं; त्याला मी जाणार म्हणजे जाणार, असं ठरवलं.

मग मी खाण उलटी चालवायला घेतली. नवऱ्याला आकडा हवा होता, मला आठ दिवस. कुणी हात न लावता मशीन आठ दिवस चालायला हवं. रोज दुपारी मी तिसऱ्या कार्डाच्या मेमरीचा वेग जरासा खाली आणायची, वीज एक घर कमी करायची आणि चुकीची उत्तरं मोजत बसायची. लाईट जाऊन आली की मशीन पुन्हा आपोआप चालू होण्याची एक सोय आत कुठेतरी असते, तीही शोधून काढली. इतका आनंद झाला की नवरा आल्या आल्या त्याला सांगून टाकली.

"वा! मंग आता पडलं तरी चालतंय की," म्हणाला, आणि मेमरी आधी होती त्याच्याही वर नेऊन ठेवली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ती सोय लाईट गेली तरच कामाची, आणि कार्ड तर लाईट असतानाच असं अडकायचं की लाईट गेल्याशिवाय सुटायचं नाही. त्यानंतर मी काही सांगितलं नाही. तो कामावर गेला की खाली आणायची, तो यायच्या आधी वर न्यायची. असं करत तिसऱ्या कार्डाला काय मानवतं ते मला पक्कं कळलं. ऑपरेशनला नऊ दिवस राहिले तेव्हा ते खाली आणलं आणि तिथेच ठेवलं. नऊ दिवस खाण एकदाही थांबली नाही. आकडा उतरलेला नवऱ्याने पाहिला, पण सलग चालतंय म्हणून गप्प बसला.

निघायच्या दिवशी म्हणाला, "तुझा हात लागला की नीट चालतंय. आता कशाला जातेस?"

सासू भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिनेही री ओढली, "रास मोजल्याबिगर खळं सोडू नये गं." झोडणी झाली की भाताची रास मोजून होईपर्यंत कुणीतरी खळ्यावर बसून राहायचं, हा तिच्या घरचा नेम. मशीन आल्यापासून तो नेम तिने खाणीलाही लावला होता.

"आत्या," मी म्हटलं, "पण ही रास मोजायची कधी?"

सासूने मुलाकडे पाहिलं. "कधी रं?"

"अगं, ती मोजायची नसते. वाढतच असते."

"मोजायची नसते?" सासूने सूप खाली ठेवलं. "मंग तिनं जलमभर खळ्यावरच बसायचं व्हय? अशी कसली रास? मोज आत्ताच्या आत्ता."

नवरा हसायला गेला, पण ती हसत नव्हती. त्याने निमूटपणे जमलेलं सगळं नाणं काढून आपल्या खात्यावर घेतलं आणि फोन तिच्यापुढे धरला. तिला त्यातलं काही कळलं नाही. तिने पडद्याला हात लावून कपाळाला लावला. "मोजली. जा गं तू."

गाडी खोपोलीला पोचेपर्यंत आपण खरंच निघालो यावर माझा विश्वास बसत नव्हता.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. आईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "केवढी सुकलीस गं." थेंब दोन प्रकारचे होते. एक घातला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग दुसरा. मी घड्याळ लावून घालत होते. तीन दिवस घरात कसलाही पंखा घोंघावत नव्हता, आणि मला वाटलं, सुटले.

चौथ्या दुपारी पहिला थेंब घातला आणि फोन वाजला. नवरा होता. "तिसरं पडलं. मी जरासंच वाढवलं होतं. काय करू?"

"जिथं होतं तिथं आणा," मी म्हटलं.

"कुठं होतं तेच आठवत नाय. तू येतेस का?"

मी उठून फोन ठेवला. आई डोळे मिटून तशीच पडली होती.

"चप्पल घातलीस का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग बस. दुसरा थेंब राहिलाय अजून."

मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती.